राजीनाम्यातले सत्य

साहेबाच्या जाचाला कंटाळून नोकरी सोडणारा माणूस राजीनाम्यात बहुधा ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहितो. हे असत्य ठरते का? खुनी दाराशी येऊन विचारू लागला तरी खोटे सांगू नये, अशी टोकाची भूमिका इमॅन्युएल कांटने १७९७ मधील निबंधात घेतली. पण ठाऊक असलेले प्रत्येक सत्य बोलून दाखवण्याचे बंधन त्याने कोणावर घातले नाही. युधिष्ठिराचे अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य निंद्य ठरले, कारण द्रोणांना फसवणे हाच त्याचा हेतू होता. राजीनाम्यातल्या ठरीव शब्दांनी कोणीच फसत नाही. त्यांची किंमत वाचणाराही जाणून असतो. तेव्हा पत्रातले मौन क्षम्य आहे. कोणी थेट विचारल्यावर ‘साहेब फार चांगले होते’ म्हणणे मात्र सरळ खोटे.

बोलावे केव्हा, याचा निकष मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात सापडतो. खरे असूनही ज्यातून हित साधत नाही ते बुद्ध बोलत नाहीत, मग ते ऐकणाऱ्याला गोड लागो वा कडू. खरे, हिताचे पण अप्रिय वचन ते वेळ पाहून बोलतात. नोकरीत हे हित मागे राहणाऱ्यांचे असते, कारण जाणारा सुटलेलाच असतो. शिवीगाळ, अडवलेल्या रजा, दुसऱ्याच्या कामावर सांगितलेला हक्क हे तारखेनिशी सांगितले तर त्यांच्या उपयोगी पडते. ‘माणूसच वाईट’ हा शेरा फक्त बोलणाऱ्याचा राग मोकळा करतो. वेळेचा विचारही खराच आहे: अनुभवाचा दाखला आणि शेवटचा हिशेब त्याच साहेबाच्या सहीवर अडला असेल, तर तो हाती येईपर्यंत थांबण्यात भित्रेपणा नाही.

सार्वजनिक पदाची गोष्ट निराळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिपद सोडले तेव्हा हिंदू कोड बिलासह सारी कारणे सविस्तर मांडली. निवेदनाची प्रत आधी मागितली गेल्यावर ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. मंत्र्याला लोकांपुढे जाब द्यायचा असतो. कचेरीतल्या नोकराला तो द्यायचा नसतो.

बोलावे कोणापुढे, हेही पाहावे लागते. मराठीने विभीषणाला घरभेद्या ठरवले, ते अर्धेच न्याय्य आहे. सीतेला परत पाठवण्याचा सल्ला त्याने रावणाला तोंडावर दिला होता आणि अपमान झाल्यावरच लंका सोडली. ठपका बसतो तो पुढे रामाला लंकेची माहिती पुरवल्याचा. नव्या मालकापुढे जुन्या साहेबाचे दोष उगाळणे याच जातीचे. शिवाय तिथे ऐकणाऱ्याच्या हातात काही सुधारणे नसते.