मांडीवरचं तिकीट

न जन्मलेल्या बाळाचं विमानाचं तिकीट आधी काढून ठेवावं का? आमच्या तुळिंजमध्ये पन्नास वर्षांपूर्वी असं कुणी विचारलं असतं, तर त्याला पाणी पाजून, सावलीत बसवून मग घरी पाठवला असता. तेव्हा विमान आमच्या डोक्यावरून जायचं, घरातलं कुणी त्यात बसून जायचं नाही. आता नालासोपारा पूर्वेच्या इमारतींमध्ये कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा जावई मस्कतला. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या घरात तो आला, तेव्हा मी त्यावर बराच विचार केला. मी १९७७ साली दहावी झालेला माणूस. मोठं तत्त्वज्ञान मला सांगता यायचं नाही. भात, सातबारा आणि माणसं, एवढंच काय ते मी पाहिलंय, त्यावरूनच बोलतो.

झालं असं, की धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई दुबईला नोकरीला. तिला सातव्या महिन्यातच आणावं लागलं. साधारण २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि ३६ च्या पुढे बहुधा घेतच नाहीत. डॉक्टरांनी तारीख दिली होती ऑक्टोबरच्या मध्याची. ऑगस्टात जावयांचा फोन आला. "बाबा, डिसेंबरची परतीची तिकिटं आत्ताच काढून टाकू. नाताळ जवळ आला की भाव कुठल्या कुठे जातात. दोघांची काढतो." दोघांची म्हणजे मुलीची आणि बाळाची.

मुलीची आई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "आधी येऊ तर द्या त्याला. न आलेल्या जिवाचा दिवस मांडायचा नसतो."

व्यवहाराचा भाग लगेच मिटला. बाळाच्या तिकिटाला नाव लागतं, जन्मतारीख लागते आणि मुलगा की मुलगी हेही लिहावं लागतं. नाव ठरणार बारशाला. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. मुलगा की मुलगी हे आधी काढून घेणं आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे तिन्ही रकाने कोरे. त्यात परदेशी जायचं तर बाळाला पासपोर्ट हवा, पासपोर्टला जन्माचा दाखला हवा. तेव्हा रीत अशी, की आईचं तिकीट आधी काढायचं आणि बाळ झाल्यावर त्याचं नाव जोडून घ्यायचं. दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर बसून जातं. त्याला वेगळी खुर्ची नाही, आणि परदेशी प्रवासाला भाडं साधारण मोठ्या माणसाच्या दहा टक्के. आपली एसटी आणि रेल्वे पाच वर्षांखालच्या पोराचं तिकीटच घेत नाही. विमानात मात्र मांडीवरच्या जिवाचीही मोजदाद असते, कारण वेळ आली तर त्यालाही प्राणवायूचा मुखवटा पुरला पाहिजे. हे मला पटलं.

पण मुलीच्या आईचं म्हणणं वेगळंच होतं. आईच्या तिकिटावर तारीख पडली की बाळाचीही पडलीच. ते तिकीट सर्वांत स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं. म्हणजे जो जीव अजून आलेला नाही, त्यानं अमुक दिवशी यायचं, अमुक दिवसांत धडधाकट व्हायचं आणि अमुक दिवशी विमानात बसायचं, हे आपण पैसे भरून ठरवून टाकायचं. हे योग्य का?

आमच्या आया या बाबतीत फार कडक होत्या. बाळ येण्याआधी नवा पाळणा घरात आणायचा नाही. पाळणा कुणाचा तरी मागून आणायचा, तोही नंतर. झबलं-टोपडं जुन्या लुगड्याचं. बाराव्या दिवसापर्यंत नाव नाही. सहाव्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. त्यावर काय लिहायचं ते तिनं लिहायचं, आपण नाही. पोरवयात मला हा सगळा अडाणीपणा वाटायचा. पुढे कळलं, की माझ्या आईची सात बाळंतपणं झाली आणि आम्ही चौघं जगलो. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्ष पुरं करत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. ज्या बाईनं तीनदा रिकाम्या हातानं झोळी सोडली, ती नवा पाळणा कशी विकत आणील? तिनं मनाला लावून घेतलेला तो बांध होता. मोजून ठेवायचं नाही, म्हणजे वजा करावं लागत नाही.

आज दिवस बरे आहेत. दवाखाने आहेत, लस आहे, आणि त्या बांधाची उंची कमी झाली तर चांगलंच आहे. पण म्हणून त्यामागचं शहाणपण टाकून द्यावं असं मला वाटत नाही. सरकारनंही ते टाकलेलं नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, पण बिननावाच्या बाळाचीही नोंद होते. नाव पुढे बारा महिन्यांत फुकट आणि त्यानंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. सरकारी रजिस्टर एवढं थांबतं. सटवाईचा कागदही थांबत होता.

आता दुसरी बाजू. न आलेल्यासाठी काहीच करायचं नाही, असंही आपण कधी वागलो नाही. शेतकऱ्याला तर तसं वागताच येत नाही. दिवाळीत भात झोडताना पुढच्या मृगाचं बियाणं बाजूला निघतं. घरात खायला कमी पडलं तरी त्या कणगीला हात लागत नाही. उन्हाळ्यात राब भाजतो तेव्हा आभाळात ढगाचा पत्ता नसतो. जो पाऊस आलेला नाही आणि जे पीक उगवलेलं नाही, त्याच्यासाठी आम्ही धूर खातो.

कायदासुद्धा न जन्मलेल्याला ओळखतो. आमच्या भावकीत एक जण तरणाताठा गेला. बायकोला तिसरा महिना. दोघा भावांना वाटणीची घाई होती. तेव्हा एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "पोटातलं मोजल्याशिवाय वाटणी नाही." तो काही वकील नव्हता, पण त्याचं बरोबर होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात लिहिलंय, की मृत्यूच्या वेळी पोटात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं, तर त्याला आधी जन्मलेल्याइतकाच हक्क आहे. वाटणी थांबली. मुलगी झाली. तिचं नाव सातबाऱ्यावर चढलं आणि पुढे अ.पा.क. म्हणून आईचं. त्या कलमातला 'जिवंत जन्मलं तर' हा शब्द मला मोठा वाटतो. वाटा राखलाय, पण बाळावर काही लादलं नाही. आलं तर त्याचं. नाही आलं तर कुणी त्याच्या नावानं बोट मोडणार नाही.

आणखी एक दाखला आमच्या उशाशीच आहे. रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की सोपाऱ्याचा स्तूप. जुनी माणसं त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी सापडली आणि तिच्यात ब्राँझच्या आठ मूर्ती. सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या, आणि आठवी मैत्रेयाची, म्हणजे जो अजून यायचा आहे त्याची. मी तिथे जातो तेव्हा ती आठवी मूर्ती ठेवणारा हात डोळ्यांसमोर येतो. आपल्या हयातीत तो येणार नाही, हे त्या माणसाला नक्की ठाऊक असणार. तरी त्यानं त्याची जागा केली, आणि झाल्या-गेल्यांच्या पंक्तीत केली.

तर जागा राखणं हे पुण्याचंच काम. मग मुलीची आई अडली कशाला?

याचं उत्तर मला मोहोरावरच्या सौद्यात सापडलं. कोकणात आंब्याची बाग मोहोरावर देतात. झाडावर फळ नाही, नुसता मोहोर, आणि व्यापारी पैसे मोजून मोकळा होतो. व्यवहार म्हणून त्यात वावगं नाही, गरजेला पैसा हातात येतो. पण त्या दिवसापासून झाडाकडे बघायची नजर बदलते. ढग आला की पोटात गोळा. मोहोर गळला की झाडावर राग. बियाणं राखणारा येणाऱ्याला देतो. मोहोर घेणारा येणाऱ्याकडून वसूल करतो. दोघंही न आलेल्याचाच विचार करतात, पण एकाचा हात देण्याचा आणि दुसऱ्याचा घेण्याचा.

झाडाचं ठीक आहे, त्याला ऐकू येत नाही. बाळंतिणीला येतं. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच परतीचं तिकीट आधी काढलं होतं. बाळ दिवसांआधी झालं, वजन कमी, काचेच्या पेटीत ठेवलं. आत ती पोर काचेला कपाळ लावून उभी, आणि बाहेर बाकावर बसून घरची माणसं बुडणाऱ्या पैशांचा हिशेब करत होती. ती वाईट माणसं नव्हती. त्यांच्या दृष्टीनं पैसे थोडे नव्हते. पण ते बोलणं तिनं ऐकलं. बाळानं जगात येऊन अजून डोळे नीट उघडले नव्हते आणि त्याच्या नावावर नुकसानी पडली होती. तारीख पाळली नाही म्हणून. ती तारीख त्याला कुणी विचारली होती?

हे सगळं मी जावयांशी बोललो. म्हटलं, "पैसे परत न मिळणारं तिकीट नको. फरक पडेल तो मी देतो." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, स्वस्त मिळतं म्हणून काढत नव्हतो. इथं खोलीवर एकटा असतो. तारीख हातात असली की दिवस मोजता येतात." हे ऐकून मला माणूस कळला. लांब राहणाऱ्याला तारीख ही काठीसारखी असते, तिच्यावर भार टाकून तो चालतो. ती काठी काढून घेणं बरोबर नव्हतं. शेवटी मुलीचं तिकीट काढलं, पण तारीख बदलता येईल असं, थोडं महाग. बाळाचं काढलं नाही. ठरलं असं, की जावयांनी दिवस मोजावेत, पण ते स्वतःसाठी. बाळावर त्यांचं देणं नाही.

नात झाली ती डॉक्टरांच्या तारखेच्या नऊ दिवस आधी. पासपोर्टला मात्र वेळ लागला, म्हणून तिकिटाची तारीख एकदा पुढे ढकलावी लागली. घरात कुणी आवाज चढवला नाही. तिच्या दाखल्यावर जिल्हा पालघर, माझ्या दाखल्यावर ठाणे. २०१४ साली जिल्हा बदलला, जमीन तीच.

ती तुळिंजमध्ये जन्मली आणि तिचं पहिलंच तिकीट इथून जाण्याचं, याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. पण आमच्या आजोबांची गोष्ट आठवते. माझी आई पहिलटकरीण असताना त्यांनी बांधावर रायवळ आंब्याची दोन रोपं लावली, पोटातल्या नातवासाठी. म्हणजे त्यांनीही तिकीटच काढलं होतं, तुळिंज ते तुळिंज. नातू, म्हणजे माझा थोरला भाऊ, मोठा झाला आणि परळला गिरणीत लागला. विरारच्या गाडीनं जायचा-यायचा, पुढे तिकडेच राहिला. आजोबांनी कधी म्हटलं नाही, की तुझ्यासाठी झाडं लावली आणि तू निघालास. आंबे आम्ही खाल्ले, वाटेवरच्या पोरांनी खाल्ले, दुपारी सावलीला कुणीही बसलं. पुढे चाळी आल्या, रस्ता आला, झाडं गेली. तरी आजोबांचं काही फुकट गेलं असं मी मानत नाही. ज्याच्यासाठी केलं तो आला नाही तरी ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

बियाण्याचंही तसंच. पेरणी हुकली तर ते कांडून खाता येतं. पोटातल्या बाळाचा राखलेला वाटा, बाळ न आलं तर भावकीत परत जातो. मैत्रेय आला नाही तरी पेटी रिकामी नाही. या सगळ्यांत न आलेल्याची आस आहे, पण त्याच्यावर कर्ज नाही.

तेव्हा तुमच्या घरात असा फोन आला, तर नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. पैसे भरण्याआधी घरातल्यांनी एकमेकांना एवढंच विचारावं: समजा हे सगळं पुढे-मागे झालं, बाळ उशिरा आलं, अशक्त आलं, त्याच्या आईला अजून उठवेना, तर आपण कुणावर चिडणार? कुणावरच नाही, असं मनापासून वाटलं तर खुशाल काढा. चिडणार ते बाळावर किंवा त्याच्या आईवर असेल, तर ते तिकीट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.