दत्तकपणाची वाट

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दत्तकपणाचा उल्लेख दोनदा येतो. आधी तो सांगतो की दत्तकपणाचा आत्मा आपणांस मिळालेला आहे. आणि थोडे पुढे गेल्यावर तोच म्हणतो की त्या दत्तकपणाची आपण अद्याप वाट पाहत आहोत. जे मिळाले आहे त्याची वाट कशी पाहावयाची? भाष्यकारांनी या कोड्याची उत्तरे दिली आहेत व ती विद्वत्तापूर्ण आहेत. परंतु या दोन वचनांमधील अंतर प्रत्यक्षात कसे जगावे लागते हे पाहावयाचे असेल, तर दत्तक बाळाच्या कागदांची वाट पाहत परमुलखात दिवस कंठणाऱ्या दांपत्याकडे पाहावे.

अपत्यहीन दांपत्य परदेशात नोकरीनिमित्त राहते व भारतातील मूल दत्तक घेऊ इच्छिते, अशी कुटुंबे आता आपल्या समाजात अपरिचित राहिलेली नाहीत. इटली आणि स्पेनमधील कॅथलिक घरांतही भारतातून मुले गेली आहेत. प्रथम त्यांच्या घराची व मनाची तपासणी होते, मग नावनोंदणी, मग एके दिवशी छायाचित्र, वैद्यकीय अहवाल आणि मुलाची माहिती हाती येते. होकार दिल्यावर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजे ‘कारा’चे, ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले, की अंतिम आदेश होईपर्यंत मूल तात्पुरत्या संगोपनासाठी आपल्याजवळ ठेवण्याची मुभा नियमांत आहे, मात्र भारताच्या सीमेआत. आदेशानंतर हेग कराराप्रमाणे अनुरूपतेचा दाखला, मग पारपत्र, मग प्रवेशपरवाना. म्हणून काही जण रजा टाकून येतात आणि नागपुरात वा मुंबईत भाड्याची खोली घेऊन राहतात. मूल मांडीवर आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते अजून कोणाचेही नाही.

अशा वेळी एक प्रश्न आम्हांला विचारला जातो, आणि तो रागाने विचारला जातो: आम्ही पोरक्या लेकराला घर देत आहोत, मग ही शिक्षा कशासाठी?

प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. मूल पोरके आहे हे ठरले आहे, असे आपण धरून चालतो. ते ठरविण्यासच वेळ लागतो, आणि आमच्या या अरण्यप्रदेशात तर तो लागलाच पाहिजे. टाकलेले बालक सापडले की बाल कल्याण समिती चौकशी करविते, त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते, आईवडिलांचा शोध घेतला जातो. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी दोन महिने व त्याहून मोठ्यासाठी चार महिने ही त्यासाठीची मुदत. आईने स्वतः मूल सोपविले असेल, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने दिलेले आहेत. मुंबईच्या मापाने दोन महिने पुष्कळ झाले. पण एटापल्ली वा भामरागड तालुक्यातील एखादी माडिया स्त्री डोळ्यांपुढे आणावी. तिची भाषा मराठी नव्हे. वृत्तपत्र तिच्या पाड्यावर जात नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडण्यासाठी नदीपलीकडे तेलंगणात जातात व हंगाम संपल्यावर परततात. कायद्याचे दोन महिने या एका हंगामात सरून जातात. परमुलखात राहून वाट पाहणारे कुटुंब म्हटले की आपणांस विमानाने आलेले दांपत्य आठवते. मिरचीच्या शेताकडेच्या झोपडीत राहणारे हे कुटुंबही परमुलखातच असते, आणि आपल्या मुलाचे काय ठरले हे त्याला कळेलच असे नाही.

म्हणून पहिली प्रतीक्षा ही शिक्षा नव्हे. ते एका अनुपस्थित स्त्रीचे देणे आहे.

ते देणे चुकविले गेले की काय घडते, याचे दाखले आहेत. १९८२ साली एका वकिलांनी परदेशी दत्तकविधानातील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्यावरून १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा निर्णय दिला व प्रथमच कडक दंडक घातले. पुढे १९९० मध्ये ‘कारा’ स्थापन झाली आणि २००३ मध्ये भारत हेग करारात सामील झाला. स्वित्झर्लंडमधील झुरिक व थुर्गाऊ या कँटनांनी १९७३ ते २००२ या काळात तेथे गेलेल्या भारतीय मुलांची प्रकरणे अभ्यासकांकडून तपासून घेतली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे शीर्षकच ‘आई अज्ञात’ अशा अर्थाचे आहे. बारकाईने तपासलेल्या प्रकरणांत जन्मदात्यांच्या संमतीचा कागद मिळाला नाही. त्या काळी परदेशी मुले पाठविणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या, हे येथे लपवून काही साधणार नाही. हेतू शुद्ध होता. पण घाईतील दयेने कोणाच्या तरी आईचे नाव पुसून टाकले, आणि आज पन्नाशीला आलेली ती मुले ते शोधीत फिरत आहेत.

मात्र सर्वच विलंबाला न्यायाचे नाव देऊन आम्ही स्वस्थ बसणार नाही. शोध संपला, मूल दत्तकासाठी मुक्त ठरले, आईवडील ठरले, आणि तरीही कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जात नाही, ही दुसरी प्रतीक्षा वेगळ्या जातीची आहे. ती कोणाचेही देणे फेडत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयांकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. विलंब टळावा हाच हेतू होता. पण न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणांचे काय, असा घोळ उत्पन्न झाला व जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ते हस्तांतर थांबवावे लागले. काँगोमध्ये २०१३ च्या सप्टेंबरात सरकारने दत्तक मुलांचे देशाबाहेर जाण्याचे परवानेच रोखले. ज्यांचे दत्तकविधान तेथील न्यायालयात पूर्ण झाले होते, अशीही मुले अडकली. काही परदेशी पालक किन्शासात जाऊन राहिले.

प्रौढाचे वर्ष आणि तान्ह्याचे वर्ष यांत महदंतर आहे. चाळिशीतील माणसाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा चाळिसावा हिस्सा. वर्षाच्या बाळाला ते आयुष्य संपूर्ण आहे. त्या अवधीत ते कोणाच्या तरी अंगाचा वास ओळखू लागते, एखाद्या दाईच्या बोलीतले पहिले शब्द उचलते. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून लांबलेला महिना साहेबांच्या खाती मांडला जात नाही. तो बाळाच्या खात्यातून वजा होतो. हा विलंब चोरी आहे असे म्हणताना आम्हांला संकोच वाटत नाही, आणि त्याविरुद्ध अर्ज, स्मरणपत्र, गाऱ्हाणे यांपैकी काहीही करण्यात आज्ञाभंग नाही.

ख्रिस्ती घरांना तर या प्रतीक्षेचा जुनाच अनुभव आहे. १९५६ चा दत्तक कायदा केवळ हिंदूंसाठी होता. आपल्या लोकांना १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मूल घरी आणता येई, पण ते अपत्य नव्हे, पाल्य; सज्ञान झाले की पालकत्व संपे आणि वारसाहक्क मुळातच नसे. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ख्रिस्ती दांपत्यांची दत्तकाची वाट मोकळी केली. बाल न्याय कायद्याने व त्यातील २००६ च्या दुरुस्तीने ती सर्वधर्मीयांना खुली झाली. तोवर आमच्या कितीतरी घरांत ‘आई’ ही हाक कायद्याच्या परवानगीवाचून मारली जात होती आणि तिला ‘ओ’ही दिली जात होती.

भाड्याच्या खोलीतील त्या दोघांना आम्ही म्हणूनच एवढे सांगतो की, मूल हा कोणाचा हक्क नाही, असे आपली ख्रिस्तसभा शिकविते. ते दान आहे. या काळात तुम्हांला आईबापांची सर्व कर्तव्ये आहेत आणि अधिकार एकही नाही. संत योसेफ इजिप्तमध्ये याहून फार वेगळ्या स्थितीत नव्हता. मूल त्याचे नव्हते, देश त्याचा नव्हता, परतण्याची तारीख त्याच्या हाती नव्हती, आणि रोजची भाकरी मात्र त्यालाच मिळवावयाची होती. शुभवर्तमानात त्याचा एकही शब्द नमूद नाही; उठला, निघाला, राहिला, एवढेच.

चर्चचा कायदा नागरी दत्तकविधानाला मान देतो. आदेश झाला की स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे आम्ही आनंदाने लिहितो. त्यापूर्वी लिहू शकत नाही. दरम्यान रिकाम्या वेळी त्या दोघांनी संस्थेतील दाईला विचारून ठेवावे: बाळ कोणत्या तालुक्यात सापडले, अंगावर काय होते, कोणत्या बोलीत बोलले की ते मान वळवून पाहते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याला आपले मूळ शोधण्याची मुभा आहे. तोवर दाई कामावर नसेल, संस्थेची इमारत बदललेली असेल, आणि फायलीत जेवढे लिहिले गेले तेवढेच हाती उरलेले असेल.