सिंगल बेल

एसटीत घंटीची भाषा साधी असते. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. इस्लामपूर आगारात मी तीस वर्षं ती दोरी ओढली. आषाढीच्या जादा गाड्यांवर तर इतक्यांदा, की बोटाला घट्टा पडला. मिरज, कवठेमहांकाळ, नागज फाटा, सांगोला, पंढरपूर. गाडीत माणसं कमी, पडशा आणि बोचकी जास्त. एखादी म्हातारी तिकीट घेता घेता म्हणायची, "लेकरा, आज पोचीव म्हंजे झालं." पोचवणं आमच्याकडं, पुण्य तिच्याकडं, अशी वाटणी होती. निवृत्तीनंतर मी स्वतः दिंडीत चालायला लागलो, तरी डोक्यातला हिशेब कंडक्टरचाच राहिला. मुक्काम आला की प्रवास पूर्ण. पंढरपूर आलं की वारी झाली.

त्या हिशेबाला धक्का बसला तो 2020 साली, आणि तो पंढरपुरात नाही, गावातच. (गावाचं नाव 2025 मध्ये ईश्वरपूर झालं. पण तीस वर्षं ज्या नावाची तिकिटं फाडली ते तोंडातून जाता जात नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

23 मार्चला सौदीहून उमरा करून आलेल्या आमच्या गावातल्या एका कुटुंबातले चौघे कोरोनाबाधित असल्याचा अहवाल आला. बघता बघता त्याच गोतावळ्यातली पंचवीसेक माणसं बाधित निघाली. भोवतालचा एक किलोमीटरचा भाग बंद झाला. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले, आशाताई दारोदार ताप विचारत फिरू लागल्या, रुग्ण मिरजेच्या सरकारी रुग्णालयात गेले. टीव्हीवर दिवसभर आमचंच गाव. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले जवळजवळ सगळे बरे झाले आणि तेच टीव्हीवाले 'इस्लामपूर पॅटर्न' म्हणून पाठ थोपटू लागले, पण ते नंतरचं. मार्चअखेरीस गावाच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'हजवरून आणला.' हज त्या वर्षी जुलैच्या शेवटी होता. मार्चात कुठला हज? पण भ्यालेला माणूस पंचांग बघत नाही.

आमच्यापासून तिसऱ्या घरात टेलरचाचा राहतात. त्या कुटुंबाशी त्यांचं नातं नाही, गोतं नाही. माझ्या नोकरीतली प्रत्येक खाकी पँट त्यांनी शिवलेली. एका सकाळी ते ओट्यावर मशीनला तेल घालत होते आणि त्यांना ठसका लागला. मी उठलो आणि खिडकी लावून घेतली. लावताना आमची नजरानजर झाली. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही; त्यांनीही नाही.

त्या रात्री बायकोनं विचारलं, "देवाच्या दारात जाऊन आलेल्या माणसाला रोग चिकटलाच कसा?" ती माळकरी आहे, प्रश्न खोचक नव्हता. गावाकडं दोन उत्तरं तयार होती. काही म्हणाले, पापाची शिक्षा. काही म्हणाले, बेफिकिरी. दोन्ही उत्तरांत एक सोय होती, उत्तर देणारा सुटत होता. मी माझ्या सवयीनं नियम बघितला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रानं परदेशातून आलेल्यांना चौदा दिवस वेगळं ठेवण्याची यादी काढली. तिच्यात चीन होता, इटली, इराण, कोरिया, फ्रान्स, स्पेन, जर्मनी होते. पुढच्या आठवड्यात अमिराती, कतार, ओमान, कुवेत आले. सौदीचं नाव दोन्हीकडं नव्हतं. खुद्द सौदीनं मात्र 27 फेब्रुवारीलाच बाहेरच्या यात्रेकरूंना उमऱ्यासाठी दार बंद केलं होतं. म्हणजे एका देशाला धोका दिसला, दुसऱ्याच्या कागदावर तो उतरला नाही, आणि त्या दोहोंच्या मधून माणसं घरी आली.

मग दोष कुणाचा? गीता कर्मावर बोट ठेवते, फळाची आशा धरू नको म्हणते. पण फळ शेजाऱ्याच्या छातीत जाऊन बसलं तर? आपल्याकडच्या पाप-पुण्याच्या वहीत हेतूला रकाना आहे, परिणामाला रकाना आहे, पण पुण्याच्या हेतूनं केलेल्या प्रवासातून नकळत पसरलेल्या रोगाला रकाना नाही. मला वाटतं तो नसावाच. रोग हा हिशेबाचा विषय नाही. हिशेब सुरू होतो तो कळल्यानंतर, आपण काय केलं त्याचा. आणि मी खिडकी लावली होती.

जूनमध्ये दोन बातम्या आठवडाभराच्या अंतरानं आल्या. चाचांचा त्या वर्षी हजला नंबर लागला होता, हप्ते भरले होते. 22 जूनला सौदीनं जाहीर केलं की यंदा हज फक्त तिथं राहणाऱ्या मोजक्या लोकांचा. दुसऱ्या दिवशी आपल्या सरकारनं सांगितलं, भारतातून कुणी जाणार नाही, 2 लाख 13 हजार अर्जदारांचे पैसे परत. आणि 30 जूनला, दशमीच्या दिवशी, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आयुष्यभर मी माणसं पंढरपूरला पोचवली, त्या वर्षी माझ्या खात्याच्या गाडीत पादुका होत्या आणि मी घरात टीव्हीसमोर. अभिमान वाटायला हवा होता, पण मला रडू आलं. पंढरपुरात संचारबंदी. चंद्रभागेचं वाळवंट एवढं रिकामं असू शकतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी चाचा त्यांच्या ओट्यावर, मी माझ्या ओट्यावर, मधलं एक घर सोडून बोलत बसलो. मी म्हणालो, "आपली दोघांचीबी गाडी रद्द." ते म्हणाले, "माझी न्हाई. ज्याला वाट मोकळी हाय, त्याच्यावरच हज फर्ज. वाट बंद म्हंजे फर्ज न्हाई. आन् नियत लिहिली जाती वरती." मग त्यांनी हजरत उमरांची गोष्ट सांगितली. शाम देशात प्लेग पसरला होता. खलिफा उमर लवाजम्यासह निघालेले, सरग नावाच्या ठिकाणापर्यंत आले आणि तिथून माघारी वळायचं ठरवलं. अबू उबैदांनी विचारलं की अल्लानं लिहिलेल्यापासून पळता काय? उमर म्हणाले, हो, त्यानं लिहिलेल्या एका गोष्टीकडून त्यानंच लिहिलेल्या दुसऱ्या गोष्टीकडं. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि एक सुकी असेल, तर उंट कुठंही चारला तरी लिहिलेलंच की. मग एका साथीदारानं पैगंबरांची शिकवण सांगितली, साथ असलेल्या मुलखात शिरू नये आणि आपल्या मुलखात साथ असेल तर तिथून पळू नये.

गोष्ट मला आवडली, पण माझं समाधान झालं नाही, आणि तसं मी बोललो. उमरांनी स्वतः लगाम ओढला. आपल्याला तर नाक्यावर पोलिसानं अडवलं. अडणं आणि थांबणं एकच कसं? गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून कुणी 'मी विश्रांती घेतली' म्हणत नाही. अडवलेल्या माणसाला कसलं पुण्य? आत बसलेली बायको तिथूनच म्हणाली, "मग मघाशी टीव्हीपुढं रडत हुता ते काय हुतं?" यावर मला आजही नीट उत्तर सुचलेलं नाही.

पण अडवण्यानं थांबणं शिकवता येत नाही, यावर मी ठाम आहे. 2020 मध्ये ज्या कायद्यांखाली सगळं बंद झालं त्यातला साथरोग कायदा 1897 चा. त्याच साली प्लेगमुळं मुंबईहून हजला निघणाऱ्यांची वाट इंग्रजांनी बंद केली, आणि त्याच साली पुण्यात रँडचे गोरे सोल्जर रोगी शोधायला घराघरांत, देवघरापर्यंत शिरले. 22 जूनला चाफेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. रोग खरा होता, रोग्याला वेगळं ठेवणंही बरोबर होतं. पण घरात बुटासकट शिरलेल्या माणसाचं बरोबर असणं कुणाच्या गळी उतरत नाही. त्याच प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या. एकाच साथीत एकाच गावात बूटही होते आणि त्याही होत्या.

2022 मध्ये हज पुन्हा बाहेरच्यांना उघडला, पण अट होती, वय 65 च्या आत. चाचा सहासष्टचे. दोन वर्षांनी कमी असते तर गेले असते, आणि दोन वर्षांपूर्वी तर त्यांचा नंबर लागलेलाच होता. ते एवढंच म्हणाले, "माप घेतलं तवा बसत हुतं."

2023 मध्ये वयाची अट गेली. चाचा गेले. त्या वर्षी एक योग आला, 29 जूनला आषाढी एकादशी आणि आपल्याकडची बकरी ईद एकाच दिवशी. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, पुढं करायची, असं आपणहून ठरवलं. कुणी कलम लावलं नव्हतं, नाक्यावर कुणी उभं नव्हतं. मी तेव्हा पंढरपुरात रांगेत होतो, आणि ही बातमी रांगेतल्याच एकानं सांगितली. मला तीन वर्षांपूर्वीचा ओटा आठवला. हे थांबणं होतं.

चाचा जुलैत परतले. हाजी आला की गल्ली भेटायला लोटते, गळाभेटी होतात, दुवा मागतात. मीही निघालो, पंढरपूरचे चुरमुरे-बत्तासे आणि बुक्क्याची पुडी त्यांच्यासाठी डब्यात राखून ठेवली होती. खालून हाक मारली. माडीची खिडकी उघडली. चाचा खोकत होते. "वर येऊ नगा, कंडक्टर," ते म्हणाले. "तिकडनं खोकला घिऊन आलोय. साधाच असंल. पर आठ दिस हितंच बसतो." मी म्हणालो, "आता कुठं नियम राहिलाय, चाचा?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आत गेले, आणि सुतळीला बांधलेली पिशवी खिडकीतून खाली सोडली. पिशवीत जमजमची छोटी बाटली होती आणि चार खजूर. मी ते काढून घेतलं, प्रसादाची पुडी आणि बुक्का आत ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं आणि सवयीनं सुतळीला दोन झटके दिले.