तिकिटाचा विमा आणि जोखमीचा धनी

8 डिसेंबर 2024 ला दिलजित दोसांझ इंदुरात गायला आणि पुढच्याच महिन्यात कोल्डप्ले नवी मुंबईत आला. असं काही जाहीर झालं की आमच्या बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातली पोरंही मोबाईल हातात धरून आपला नंबर लागायची वाट बघतात. नंबर लागतो, जागा मिळते आणि पैसे भरायच्या अगदी आधी एक चौकोन समोर येतो: तिकिटाचा विमा हवा का? रक्कम किरकोळ असते आणि वर मिनिटं-सेकंद उलटे धावत असतात. वाचायला वेळ मिळू नये, हाच त्या मांडणीचा हेतू असावा असा मला संशय आहे. माझं मत सांगून टाकतो: बहुतेकांनी तो घेऊ नये.

हिशेब सोपा आहे. समजा तिकीट 4000 रुपयांचं आणि विमा 200 चा. वीस कार्यक्रमांत एकदा तरी तुमचं जाणं रद्द होत असेल, आणि तेही विमा कंपनीला मान्य असलेल्या कारणानेच, तरच हे पैसे फिटतात. अशा पॉलिसीत सहसा आजारपण बसतं (डॉक्टरचा दाखला जोडून), अपघात बसतो, घरातल्या जवळच्या माणसाचा मृत्यू बसतो. कारखान्यात पाळी बदलली, साहेबाने सुट्टी नाकारली, सोबतचा मित्र ऐनवेळी फिरला, यातलं बरंचसं बसत नाही. आणि आपले बेत मोडतात ते बहुधा याच कारणांनी. आयोजकाने कार्यक्रमच रद्द केला तर पैसे परत करणं ही त्याचीच जबाबदारी. त्यासाठी आपण वेगळे 200 रुपये का मोजायचे? शिवाय तिकीट नावाला बांधलेलं नसेल तर आतेभाऊ जाऊन येतो. हा विमा आपल्याकडे फुकट मिळतो.

शनवाऱ्यातून निघणाऱ्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. इंदूरकराचा कार्यक्रम बुडाला तर त्याचं तिकीट बुडतं. बऱ्हाणपूरकर लालबागेच्या स्टेशनावरून गाडी पकडतो किंवा खंडव्यावरून 180 किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवतो, रात्री परतायची सोय नाही म्हणून लॉज घेतो आणि एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडतो. तारीख पुढे गेली तर आयोजक तिकिटाचे पैसे देईल, बाकीचे गेले ते गेले. तिकिटाचा विमाही बहुधा तिकिटाच्या किमतीपाशीच थांबतो. पावसाचं तर विचारूच नका. 23 सप्टेंबर 2022 ला नागपूरजवळच्या जामठ्याला भारत-ऑस्ट्रेलिया सामना मैदान ओलं असल्यामुळे आठ-आठ षटकांचाच झाला. एक चेंडू पडला की परताव्याचा हक्क संपला, अशी अट अशा तिकिटांवर साधारणपणे असते. सामना ‘झाला’ असल्याने विमाही हात वर करणार.

बऱ्हाणपूरसारख्या शहरांतला जुना व्यवहार इथे आठवतो. सुरत-आग्रा वाटेवरचं बऱ्हाणपूर हे मोगलकाळात कापडाचं मोठं ठाणं होतं. सुजानराय भंडारीच्या ‘खुलासत-उत-तवारीख’मध्ये, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस, त्या काळच्या विम्याची नोंद आहे: वाटेच्या भीतीने व्यापारी माल सराफाच्या हवाली करी आणि सराफ ठरलेला मोबदला घेऊन तो मुक्कामी पोचता करी. जोखमी हुंडीतही माल सुखरूप पोचला तरच पैसे देणं लागे. सराफाच्या विम्यात तर जोखीम आणि अधिकार एका हाती होते. पैसे घेणारा सराफच वाट निवडे आणि माणसं नेमी. आजचा तिकीटविक्या आपली फी कापून घेतो, आयोजक मैदान आणि तारीख ठरवतो, आणि जोखमीची वही तेवढी प्रेक्षकाच्या हातात दिली जाते. त्याच्या हातात तर काहीच नसतं.

उलटं उदाहरण मुंबईत दरवर्षी दिसतं. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने 2025 च्या गणेशोत्सवासाठी 474.46 कोटींचा विमा काढला. त्यातला मोठा वाटा सेवेकरी, पुजारी, स्वयंपाकी यांच्या अपघाती विम्याचा होता. दर्शनाच्या रांगेतल्या माणसाला कुणी विचारत नाही, बाबा तुझा विमा काढू का. विम्बल्डनवाल्यांनीही वर्षानुवर्षे साथरोगाचा विमा भरला होता, म्हणून 2020 ची स्पर्धा रद्द झाली तेव्हा ते तगले आणि तिकीटधारकांना पैसेही परत मिळाले. कार्यक्रम भरवणाऱ्याने विमा घ्यायचा, ही रीत मला पटते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतली दोन उदाहरणं नेमकी विम्याची आहेत: विमान तिकिटासोबत न विचारता प्रवास विमा जोडणं, आणि विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा बटणावर बोट ठेवायला लावणं. म्हणजे सरकारलाही हा खेळ ठाऊक आहे.

विम्यालाच माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. रेल्वेच्या ई-तिकिटावर 45 पैशांत मिळणारा विमा मी डोळे मिटून घ्यायला सांगेन. गाडी चुकली तर तो दमडी देत नाही, पण अपघातात माणूस गेला तर घरच्यांना 10 लाख मिळतात. पैसे क्षुल्लक आणि नुकसान न झेपणारं, असं गणित जमलं की विमा घ्यावा. आमच्या भागात असं न झेपणारं नुकसान केळीचं असतं. मे-जूनच्या वावटळीत उभी बाग एका दुपारी आडवी होते. तापीच्या खालच्या अंगाला जळगाव जिल्ह्यात हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, आणि बऱ्हाणपूरचे केळीवाले तशाच विम्याची मागणी वर्षानुवर्षे करत आले आहेत. एका संध्याकाळच्या गाण्याला दोन बोटांत विमा मिळावा आणि वर्षभराच्या बागेसाठी अर्ज-निवेदनं द्यावी लागावीत, हे मला खटकतं.

तरीही एखाद्याने घ्यावाच. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन महागड्या जागांवर बसायचं ठरवलं असेल आणि दोघांपैकी कुणाची तब्येत बेभरवशाची असेल, तर 200 रुपये देणं शहाणपणाचं ठरू शकतं. मात्र आधीपासून असलेला आजार पॉलिसीत चालतो का, हे पैसे भरायच्या आधी बघावं. बऱ्याचदा तो चालत नाही.