‘चॅरिटी’ आणि ‘लव्ह’

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत आपल्या मराठी शास्त्रांत जेथें ‘प्रीति’ आहे, तेथें इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत ‘चॅरिटी’ व १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत ‘लव्ह’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’ हा एकच. मग हा भेद कां, असें इंग्रजी शिकलेले आमचे तरुण बंधु विचारतात, व तें विचारणें योग्यच आहे.

‘चॅरिटी’ हा शब्द लॅटिन ‘कारितास’ वरून आला; त्याच्या मुळाशीं जो शब्द आहे त्याचा अर्थ प्रिय, आणि मोलाचा असाही. विल्यम टिंडेल यानें १५२६ सालीं ग्रीकवरून केलेला इंग्रजी नवा करार छापविला, त्यांत मात्र ‘लव्ह’ हाच साधा शब्द घातला. सर टॉमस मोर यास तें खपलें नाहीं. ‘लव्ह’ हें नांव भल्याबुऱ्या हरएक प्रेमास लागतें, ‘चॅरिटी’ म्हणजे सात्त्विक प्रेम, असें त्यानें १५२९ सालीं लिहिलें. (त्याचें भय अगदींच निराधार होतें असें आम्हांस वाटत नाहीं.) टिंडेलानें १५३१ सालीं उत्तर दिलें कीं, लोकांच्या तोंडीं ‘चॅरिटी’ म्हणजे भिक्षा, दया असे भलतेच अर्थ आहेत.

पुढें तसेंच झालें. आज तो शब्द दानधर्मापुरताच उरला आहे. आपल्याकडील धर्मादाय आयुक्तांच्या इंग्रजी पदवींतही तोच आहे. पण हा अर्थ घेतला तर त्याच अध्यायाचें तिसरें वचन उलटेंच होतें. सर्वस्व गरिबांस वांटलें तरी प्रीतीवांचून लाभ नाहीं, असें पौल तेथें सांगतो.

आपल्या भाषेंतही असेंच घडलें आहे. ‘धर्म’ केवढा मोठा शब्द! पण दारीं आलेला भिकारी ‘धर्म करा, माय’ म्हणतो तेव्हां तो पसाभर दाण्यांएवढा होतो. दाणे मोजतां येतात, वहींत लिहितां येतात; प्रीति लिहितां येत नाहीं.

तर मग मनांत प्रीति उपजेपर्यंत देऊंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. भुकेल्यास थांबवत नाहीं, आणि कोरड्या मनानें दिलेल्या भाकरीनेंही पोट भरतें. परंतु मंडळीच्या निधींतून एखाद्या विधवेस पायलीभर ज्वारी मिळावी व रविवारीं उपासनेंत सर्वांदेखत तिचें नांव वाचावें, हें कशांत गणावें? ती खालीं मान घालून बसते. उलट, शेजारणीची चूल दोन दिवस पेटली नाहीं हें ओळखून कोणी दिवेलागणीला पोराहातीं पीठ धाडिते, तें कोणत्याच वहींत नसतें.

जे उपदेशक जुनीं इंग्रजी पुस्तकें पाहून प्रवचन तयार करितात, त्यांनीं या अध्यायावर ‘चॅरिटी’ हा शब्द दिसतांच त्याचें ‘दानधर्म’ करूं नये. मराठी शास्त्र उघडून पाहावें. तेथें ‘प्रीति’ आहे.