नावावर सोडलेले उदक

याग, होम आणि दान यांतील भेद सांगताना मीमांसकांनी दानाची दोन अंगे मानली आहेत: देणाऱ्याच्या स्वत्वाची निवृत्ती हे पहिले, आणि घेणाऱ्याच्या ठायी त्या स्वत्वाची उत्पत्ती हे दुसरे. दुसरे अंग घडले नाही तर उरतो तो केवळ त्याग. परंतु पहिलेच घडले नाही आणि तरीही उभयपक्षी दान झाल्याची भावना राहिली, तर त्या व्यवहारास काय म्हणावे?

हा प्रश्न मनात येण्यास कारण झाले ते अगदी अर्वाचीन आहे. लोकसेवा करणाऱ्या संस्थेस इंटरनेटवर स्वतःचा पत्ता हवा असेल तर डोमेन नाव नोंदवावे लागते. १९९५ पर्यंत या नोंदणीस शुल्क पडत नसे. त्या वर्षी दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारले जाऊ लागले. आज दर पुष्कळ उतरले असले, तरी गरीब देशांतील संस्थांची अडचण केवळ पैशाची नाही. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी १९५० च्या कायद्यान्वये नोंदलेला आपल्याकडील एखादा लहानसा न्यास घ्या. त्याचे बँकखाते दोघा विश्वस्तांच्या सह्यांवर चालते, खर्चास ठराव लागतो आणि हिशेबतपासनिसास पावती दाखवावी लागते; उलट परदेशातील नोंदणी कंपनी मागते ते एका व्यक्तीचे कार्ड, एका व्यक्तीचा ईमेल आणि एक पासवर्ड. मग संस्थेचा कोणी संगणक जाणणारा हितचिंतक पुढे होतो, पदरचे पैसे भरतो, आणि संस्थेचे नाव स्वतःच्या खात्यावर चढवून टाकतो. विश्वस्त त्याचे आभार मानतात, कार्यवृत्तात तशी नोंदही होते. पण हा हितचिंतक पुढे परगावी गेला, रुसला वा वारला, म्हणजे ध्यानात येते की वीस वर्षांच्या कार्याने मिळवलेले नाव दुसऱ्याच्याच मालकीत अडकून पडले आहे.

यावर कोणी म्हणेल की मुळात या नावावर कोणाचेच पूर्ण स्वत्व नसते. हे खरे आहे. जुने ताम्रपट आचंद्रार्क दान देत. डोमेन नावाचा पट्टा एका वेळी १० वर्षांपलीकडे मिळत नाही, मुदत चुकली की सवलतीचे काही दिवस सरतात आणि नाव वाटेल त्यास घेण्यास मोकळे होते. फार काय, ज्या .ऑर्ग या प्रत्ययाखाली जगभरच्या सेवासंस्था नांदतात, तो सांभाळणारी संस्थाच २०१९ मध्ये सुमारे ११३ कोटी डॉलरांस एका खाजगी गुंतवणूकदाराच्या हाती जाण्याच्या बेतात होती, आणि एप्रिल २०२० मध्ये इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने संमती नाकारल्यामुळेच तो सौदा फिसकटला. परंतु कुळाची वहिवाट मालकीहून उणी असली म्हणून ती दुसऱ्याच्या नावे लावणे न्याय्य ठरत नाही. जेवढा हक्क असेल तेवढा समग्र द्यावा, एवढीच दानाची अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुदतीची सूचना इंग्रजीत येते, ती कोणी वाचीत नाही, आणि किल्ली संस्थेच्या हाती दिली तर वर्षभरात नाव हातचे जाईल. तेव्हा ती आपल्यापाशी ठेवण्यात ममताच आहे, असे हितचिंतक म्हणतो, आणि त्याचा अनुभव खोटा नसतो. पण या स्थितीसाठीही धर्मशास्त्रापाशी शब्द आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत निक्षेप, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, हे स्वतंत्र पद आहे. ठेव सांभाळणाऱ्याने ती जपावी, आणि मागताक्षणी परत करावी. हितचिंतकाने स्वतःस दाता न म्हणवता ठेव सांभाळणारा म्हणवावे. नोंदणीधारक म्हणून संस्थेचेच नाव घालावे, ईमेल संस्थेचा द्यावा, पासवर्ड सीलबंद लखोट्यात विश्वस्तांच्या दप्तरी ठेवावा, आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आणावी. मग त्याच्या ममतेस बाध येत नाही आणि संस्थेच्या स्वत्वासही.

म्हणून अशा संस्थांना साह्य करू पाहणाऱ्यांनी शुल्काची रक्कम किती, याआधी पावती कोणाच्या नावे फाटते, हे पाहावे. जुना यजमान दान देताना हातावर पाणी घेऊन ते सोडीत असे. त्या पाण्याला मोल नव्हते, पण ते सुटल्यावाचून गाय गोठ्यातून हलली तरी ती यजमानाचीच राहत असे.