ऐकीव आणि बहुश्रुत

मराठीत ऐकण्याशी नातं असलेले दोन शब्द आहेत. एखाद्याला ‘बहुश्रुत’ म्हटलं, तर तो त्याचा मान असतो. ‘ही तर ऐकीव माहिती’ म्हटलं, की त्या माहितीची किंमत तिथेच उतरते. दोन्हीकडे क्रिया ऐकण्याचीच. मग फरक नेमका कुठे पडतो?

हा प्रश्न मला सतावतो, कारण मी दिवसातले दोन तास तरी पॉडकास्ट ऐकतो. लोकलमध्ये, भांडी घासताना, रात्री झोप येत नसली की. अर्थतज्ज्ञ, माजी राजदूत, स्टार्टअपवाले, इतिहासाचे अभ्यासक, सिनेमावर बोलणारे. वेळ कमी आणि एपिसोड मोठे, म्हणून दीडपट वेगाने. याचा परिणाम असा, की आयातशुल्क, तैवानच्या चिप्स, मराठी सिनेमाला न मिळणाऱ्या स्क्रीन्स, यातल्या कशावरही माझ्याकडे मत तयार असतं. ते माझ्या आवाजात, माझ्या तोंडून बाहेर पडतं. पण ते माझं आहे का? आणि नसेल, तर ते दुसऱ्याला देण्याचा मला हक्क आहे का?

गप्पांच्या अड्ड्यावर या प्रश्नाने कुणाचं काही बिघडत नाही. घरात बिघडू शकतं. गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या मामांनी मला बाजूला घेतलं. ते एसटीतून निवृत्त झालेत, मिळालेले पैसे बँकेत एफडीत आहेत. म्हणाले, “तू ते सगळं ऐकत असतोस ना रे? मग सांग बघू, एफडी मोडून बाजारात टाकू का?”

उत्तर जिभेवर होतं. एका फंड मॅनेजरचं, आठवड्यापूर्वीच ऐकलेलं: महागाई एफडीचं व्याज कसं खाते, दहा वर्षं थांबलं तर काय होतं, वगैरे. मी म्हणालो, “मामा, हे मी एकाचं ऐकलंय. त्याला तुमचं वय, तुमची औषधं, मामींचं गुडघ्याचं ऑपरेशन, यातलं काहीच ठाऊक नाही. मलाही तुमचा पूर्ण हिशेब माहीत नाही.” मामा जरा हिरमुसले. त्यांना भाच्याकडून ठाम उत्तर हवं होतं.

तेव्हापासून ही साखळी माझ्या डोक्यात आहे. तज्ज्ञ सर्वसाधारण बोलतो, मी पुढे पोचवतो, मामा पैसे गुंतवतात. अंदाज चुकला तर तज्ज्ञाचा पुढचा एपिसोड येतो, मी पुढचा एपिसोड ऐकतो आणि नुकसान एकट्या मामांचं होतं. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी करावी लागते. २०१३पासून तसे स्वतंत्र नियम आहेत. सल्ला आणि उत्तरदायित्व एकमेकांना बांधलेले असावेत, हा त्यामागचा विचार. पॉडकास्टच्या सुरुवातीला ‘हा आर्थिक सल्ला नाही’ असं एक वाक्य असतं. पण मी तीच गोष्ट घरी सांगतो तेव्हा ते वाक्य वाटेतच गळून पडतं. अटी विसरल्या जातात, निष्कर्ष लक्षात राहतो.

न्यायालयात ऐकीव साक्ष सहसा ग्राह्य धरत नाहीत. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यातलं हे तत्त्व १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्यामागचं एक कारण साधं आहे: ज्याने स्वतः पाहिलं तोच समोर नसेल, तर उलटतपासणी कुणाची घेणार? पॉडकास्टमध्ये उलटतपासणी क्वचितच होते. यजमान हसतमुख असतो, पाहुणा ओघवतं बोलतो, आणि व्यापारावर आयुष्य घालवलेला माणूस दुसऱ्या तासात लग्नसंस्थेवरही तितक्याच खात्रीने बोलू लागतो. आपल्या कानाला आवाजातला बदल जाणवत नाही, कारण बदल झालेलाच नसतो.

फिलिप टेटलॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सुमारे २० वर्षं २८४ तज्ज्ञांचे ८० हजारांहून अधिक राजकीय-आर्थिक अंदाज गोळा केले आणि प्रत्यक्षात काय घडलं त्याच्याशी ताडून पाहिले. २००५मध्ये त्याचं पुस्तक आलं. माध्यमांत जे जास्त झळकत होते, त्यांचे अंदाज इतरांपेक्षा कमी खरे ठरले होते. एकाच मोठ्या कल्पनेने सगळं समजावून सांगणारे मागे पडले. ‘पण’, ‘तरीही’ म्हणत चाचपडणारे त्यातल्या त्यात बरे निघाले. आता मला सांगा, तुम्ही कुणाचा एपिसोड शेवटपर्यंत ऐकाल?

यावर कुणी म्हणेल, मग काय सगळं स्वतः तपासायचं? ते शक्यच नाही. पुलावरून जाताना आपण सिमेंटची चाचणी घेत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या विश्वासानेच घेतो. हे खरं आहे, आणि तज्ज्ञांना हसण्यात शहाणपण नाही. पण डॉक्टर मला तपासतात, चिठ्ठीवर त्यांची सही असते. पुलाच्या नकाशावरही कुणाची तरी सही असते. ती सही आपल्या विश्वासाला आधार देते. माझ्या इअरफोनमधल्या आवाजाने माझ्यासाठी कशावरही सही केलेली नाही.

आपल्या जुन्या परंपरेत ऐकण्याला मोठा मान आहे. याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाची वाट सांगतो, त्यात श्रवण आहे. मात्र त्यानंतर मनन येतं आणि त्यानंतर निदिध्यासन, म्हणजे त्या गोष्टीचा दीर्घकाळ ध्यास. श्रवण ही पहिली पायरी आहे. मननात मीच माझी उलटतपासणी घेतो: हे खोटं ठरायचं तर काय घडावं लागेल? हे मी माझ्या शब्दांत, न अडखळता, मामांना समजावू शकेन का? दीडपट वेगाने श्रवण उरकतं, मनन उरकत नाही. एक एपिसोड संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, तेव्हा वगळली जाते ती हीच पायरी.

म्हणून मला वाटतं, ‘बहुश्रुत’ आणि ‘ऐकीव’ यांतला फरक किती ऐकलं याचा नाही. ऐकलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणी घेतली, याचा आहे. जे मी पारखलं नाही, ते ज्याचं आहे त्याच्या नावाने आणि त्याच्या अटींसकट सांगणं, एवढं तर मी समोरच्याचं देणं लागतो. नाव गाळलं की श्रेय मला मिळतं आणि जोखीम त्याच्याकडे जाते. हा व्यवहार सचोटीचा नाही.

असं बोलायला लागल्यापासून मित्रांमध्ये माझा भाव थोडा उतरलाय. परवा निवडणुकीवरून वाद रंगला होता. मी म्हणालो, अमुक अभ्यासक असं म्हणतात, पण ते फक्त शहरी मतदारांबद्दल बोलत होते. एकजण वैतागला, “अरे, पण तुझं मत काय?”

“अजून नाही,” मी म्हणालो. “सध्या फक्त ऐकलंय.”